आधी वही, मग पाणी

सुरुवातीलाच क्षमा मागतो. लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझं लिखाण म्हणजे साखर कारखान्याच्या कचेरीतली पत्रं आणि शेरे. निकम हवालदारांवर लिहिण्याचा हक्क माझ्याहून जास्त असलेली माणसं आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत कुणी फौजदार झाला, कुणी बँकेत लागला, कुणी हायस्कुलात मास्तर आहे. त्यांच्यापैकी कुणीतरी लिहील म्हणून मी बरेच दिवस थांबलो. कुणी लिहिलं नाही. मग मीच बसलो. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

माझी आणि त्यांची पहिली भेट एकाच दिवशी चार वेळा झाली. साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात मुख्य जिन्याखाली एक खोली होती. शेजारी एनसीसीचं सामान ठेवायची खोली, त्यामुळे तिथं कायम बुटांच्या पॉलिशचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास असायचा. दारावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, ‘रोजगार माहिती कक्ष’. मी दुसऱ्या वर्षाला होतो. दार उघडं दिसलं म्हणून आत गेलो. टेबलामागं खाकी स्वेटर घातलेला, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांचा एक माणूस बसला होता. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले,

“भाईर जा.”

मी बाहेर आलो. काय चुकलं ते कळेना. आतून आवाज आला, “आता ये.”

मी गेलो. “चपला कशापायी वाजवतोस? बैल हाय व्हय? भाईर जा.”

तिसऱ्यांदा मी टेबलाजवळ जाऊन खुर्ची ओढली. “बस म्हटलं का मी? जा.”

चौथ्यांदा मी दारात उभा राहिलो, “येऊ का?” विचारलं, आत जाऊन उभा राहिलो, आणि त्यांनी हात केल्यावर बसलो. ते हसले. पुढचे दोन दात पडलेले होते. म्हणाले, “आता बरूबर. सायबाच्या खोलीत शिरताना तुझी निम्मी परीक्षा दारातच हुती गड्या. कुठला तू?”

“म्हसवडजवळचा, सर.”

“सर तिकडं वर्गात. हितं हवालदार म्हनायचं. आन तू आजपासनं म्हसवड.”

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. एकाच गावची दोन पोरं असली तर एक ‘वरचं’ आणि एक ‘खालचं’. एकदा इतिहासाचे नवे प्राध्यापक काही विचारायला थेट आत आले, तर हवालदारांनी मान वर न करता त्यांनाही बाहेर पाठवलं होतं. ते बिचारे गेले आणि “आत येऊ का?” म्हणून पुन्हा आलेही. आम्ही पोरं भिंतीकडं तोंड करून हसलो.

फौजेत ते हवालदार क्लार्क होते. जवानांची कागदपत्रं ठेवण्याच्या कचेरीत त्यांची बरीच वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर कॉलेजात कनिष्ठ लेखनिक म्हणून लागले. विद्यापीठाचं परिपत्रक आलं की प्रत्येक कॉलेजात मुलांना नोकऱ्यांची माहिती देणारा कक्ष असावा. एका प्राध्यापकांचं नाव त्यावर प्रमुख म्हणून घातलं गेलं. ते महिन्यातून एकदा येऊन सही करत. बाकी सगळं हवालदार. त्यासाठी त्यांना वेगळं काही मिळत नव्हतं. कॉलेजची आवकजावक सांभाळून उरलेल्या वेळात ते हे काम करत.

कक्षाला वर्तमानपत्र मिळायचं ते वाचनालयातलं, दुसऱ्या दिवशी आणि कापायचं नाही या अटीवर. म्हणून हवालदार सकाळी सातला एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये जाऊन बसत आणि तिथल्या पेपरातल्या जाहिराती हातानं उतरवून घेत. अक्षर छापल्यासारखं. दहा वाजेपर्यंत त्या फळ्यावर लागलेल्या असत. कँटीनवाला त्यांना म्हणायचा, “हवालदार, चहा एक आन पेपर तीन तास, परवडत न्हाई आमाला.” त्यावर हवालदार म्हणत, “तुजा पोरगा म्याट्रिक झाला की तुला परवडंल.”

सेवायोजन कार्यालयात, म्हणजे आमच्या भाषेत एक्स्चेंजला, नाव घातल्याचं कार्ड ठरावीक मुदतीत पुन्हा नोंदवून घ्यावं लागे. मुदत चुकली की माणूस रांगेच्या शेवटी. आमच्यासारख्यांची ती मुदत हमखास चुके, कारण घरी तो कागद कुणाला कळत नसे. माझ्या मावसभावाचं कार्ड मावशीनं देव्हाऱ्यात ठेवून त्याला कुंकू लावलं होतं, पण मुदत निघून गेली. हवालदारांकडे सगळ्यांच्या मुदतींची यादी असे. कॉलेज सोडून गेलेल्या पोरांनासुद्धा त्यांचं पोस्टकार्ड जायचं: ‘कार्ड घेऊन एक्स्चेंजला जाणे. सबब चालणार नाही.’

अर्ज भरायला त्यांनीच शिकवलं. ‘अनुभव’ या रकान्यात मी रेघ मारली होती. त्यांनी अर्ज परत माझ्याकडं सरकवला.

“तुजा बा काय करतो?”

“घोंगडी विणतात.”

“आन तू?”

“मी काही नाही. सुट्टीत मदत करतो.”

“काय काय मदत? नीट सांग. मागल्या सुट्टीत पैल्या दिवशी सकाळी उठून काय केलंस?”

मी आठवून सांगत गेलो. लोकर निवडली. मग विणकरांच्या सोसायटीची सभा होती, तिचा वृत्तांत मी लिहिला, कारण चेअरमनना लिहिता येत नाही. दुपारी गल्लीत दोन घरची पोरं फौजेत आहेत, त्यांची पत्रं वाचून दाखवली आणि उत्तरं लिहिली. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला मुकादमाला मदत केली होती, तेही सांगितलं.

हवालदारांनी माझ्या रेघेवर पेन्सिल टेकवली. “आरं, आन हितं रेघ मारलीस? ही रेघ म्हंजे तुज्या बानं तुला कायबी शिकवलं न्हाई आसं लिवल्यागत झालं. लिव्ह. खोटं एक अक्षर नगं. पर खरं हाय ते गिळायचं बी न्हाई.”

अर्जाबद्दल त्यांचं आणखी एक सांगणं होतं. “अर्ज वाचनारा मानूस दमल्याला आसतो. शंभरावा कागद त्येच्या हातात आसतो. त्येला आनखी दमवू नगा.” म्हणून ते आम्हाला एकाच पानात सगळं बसवायला लावत आणि ‘सविनय’, ‘विनम्र’, ‘कृपाभिलाषी’ यांतलं एकच काहीतरी ठेवू देत.

पण त्यांचं खरं काम म्हणजे ती वही. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. जो कुणी मुलाखतीला जाऊन येईल त्यानं थेट कक्षात यायचं, आणि नोकरी मिळेल का, साहेब कसे होते हे कुणाला काही सांगण्याआधी वहीत लिहायचं: काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, खोलीत किती माणसं होती, सगळं. पोरगं उन्हातून आलेलं असायचं, घसा कोरडा, पण हवालदार माठावर हात ठेवून उभे असत. “आधी वही, मग पानी. पानी प्यालास की निम्मं इसरतोस.”

त्या वहीचं महत्त्व मला पहिल्यांदा कळलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “शहरातल्या पोराला काका आसतो कचेरीत. त्यो सांगतो, आमका साहेब हे इचारतो, तमक्याफुडं आसं बोल. तुमाला कोन हाय? ही वही तुमचा काका.” पुढची पोरं मुलाखतीला जाण्याआधी ती वाचून जात. कुठल्या कचेरीत नकाशावर धरण दाखवायला लावतात, कुठं शुद्धलेखन घालतात, सगळं तिच्यात होतं. आधीच्या प्रत्येकानं आपलं लिहून ठेवलं होतं, म्हणून मागच्यांना वाट सापडत होती.

शेवटच्या वर्षाला माझा एक मित्र झाला. वसंत. कोयनानगरचा. वडील धरणाच्या प्रकल्पावर वॉचमन, घर म्हणजे भूकंपानंतर प्रकल्पानं दिलेली पत्र्याची खोली. आम्ही बोर्डिंगात एका खोलीत राहायचो. माझ्यापेक्षा हुशार, वाचन पुष्कळ, आणि हवालदारांचं ऐकावं ते त्यानंच. हवालदार आमच्याकडून बोलण्याचा सराव करून घेत. स्वतः ते ‘हाय-न्हाई’च बोलत, पण आम्ही बोललो की टेबलावर पट्टी आपटत. “मुलाखतीत गावाकडचं बोलायचं न्हाई. पुस्तकागत बोलायचं. मी म्हातारा झालो, माजं खपतं. तुमचं खपनार न्हाई.” वसंतानं ते इतकं अंगी बाणवलं की तो बोर्डिंगच्या आचाऱ्याला सुद्धा “कृपया आमटी वाढता का?” म्हणायचा. आचारी म्हणायचा, “ह्येला कुनीतरी झाडाखाली बसवून उतारा करा रं.”

परीक्षा झाली आणि सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेतकी खात्यासाठी क्लार्कची एक जागा निघाली. एकच. हवालदारांनी आम्हा दोघांचेही अर्ज पाठवले. दोघांनाही बोलावणं आलं, पण माझं एका दिवशी आणि वसंताचं दुसऱ्या. नावं जास्त असल्यामुळे त्यांनी दोन दिवस ठेवले होते. वसंताच्या वडिलांना कामावर मिळालेले काळे बूट वसंताकडे होते. ठरलं असं की पहिल्या दिवशी ते मी घालायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यानं. त्यानं मला ते स्वतः पॉलिश करून दिले.

त्या नोकरीवर माझं काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. धाकट्या भावाची शाळा सुटायच्या बेतात होती. वडिलांचे गुडघे गेले होते, मागावर बसवत नव्हतं. वसंताचंही काही वेगळं नव्हतं. त्याच्या वडिलांना एका वर्षात निवृत्त व्हायचं होतं आणि ती पत्र्याची खोली सोडायची होती. आम्हाला एकमेकांचं हे सगळं माहीत होतं.

मुलाखतीला टेबलामागं चौघं होते. आधी शिक्षण, गाव विचारलं. मग एक कागद हातात दिला. एका ऊस उत्पादकाचं तक्रारीचं पत्र होतं: लागणीची नोंद वेळेत केली, शेजाऱ्याचा ऊस तोडून नेला, माझा अजून उभा आहे. उत्तर लिहायला दहा मिनिटं. ते मला जमलं. सोसायटीची पत्रं लिहिली होती त्याचा उपयोग झाला. मी कागद परत दिला तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले टोपीवाले संचालक खुर्ची मागं सारून उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“ह्यो कागद लिवनारा मीच. आलोय तुज्या खिडकीवर. बोल, काय बोलतोस.”

हवालदारांनी शिकवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हातारा माणूस समोर उभा आणि आपण बसलेलो, एवढंच डोक्यात आलं. मी खुर्चीवरून उठलो आणि तोंडातून निघालं, “आवं, बसा की आधी. कवा निघालासा घरनं? पानी आनू का?”

“पानी नगं. माझा ऊस वाळाय लागलाय. तोड कवा देतोस?”

“तारीख माझ्या हातात न्हाई, दादा. खोटी तारीख देऊन तुमाला पुन्ना हेलपाटा घालायला लावत न्हाई. नोंदीची पावती हाय का जवळ? तुमच्या आधी किती जन हायत तेवडं बघून सांगतो.”

“आन शेजाऱ्याचा कसा गेला?”

“ते बी बघतो. त्येची नोंद आदीची निघाली तर तुमाला दाखवतो. न्हाई निघाली तर सायबांकडं मी तुमच्या संगट येतो.”

संचालक वळून बाकीच्यांकडं बघून हसले. “ह्यो बसवतोय तरी,” असं काहीतरी म्हणाले. मला बाहेर जायला सांगितलं.

एसटीत बसल्यावर मला पहिल्यांदा लाज वाटली. तीन महिने सराव करून ऐनवेळी आपण गावंढळासारखे बोललो. मग कऱ्हाड मागं पडलं तसं त्या माणसाचं हसणं पुन्हा पुन्हा आठवायला लागलं. ते हसणं वाईट नव्हतं. साताऱ्याला उतरेपर्यंत मला कळलं होतं की त्यांना नेमकं तेच हवं होतं.

पाच वाजता मी कक्षात पोचलो. हवालदार माठाजवळ उभे होते, वसंत बाकावर बसला होता. मी वही उघडली. लिहिलं: ‘एक. शिक्षण व गाव. दोन. ऊस उत्पादकाचे तक्रारीचे पत्र देऊन उत्तर लिहिण्यास सांगितले. वेळ दहा मिनिटे.’ आणि लेखणी थांबली.

“आनि?” हवालदारांनी विचारलं.

“एवढंच.”

“तोंडी काही नाही विचारलं?” वसंत म्हणाला.

“किरकोळ. वडील काय करतात वगैरे.”

हवालदारांनी फुलपात्र भरून दिलं. मी पाणी प्यालो. बोर्डिंगात जाऊन बूट काढून वसंताला दिले. तो झोपेपर्यंत पत्राच्या उत्तराचे नमुने लिहीत बसला होता. मला दोनतीन वेळा विचारलं, “उत्तरात शेवटी काय लिहिलंस?” मी सगळं नीट सांगितलं. पत्राबद्दलचं सगळं.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्यानं पाऊण पान लिहिलं. संचालक शेतकरी होऊन समोर आले, त्यांनी काय विचारलं, आणि आपलं उत्तर: ‘आपली तक्रार कार्यालयास प्राप्त झाली असून तोडणी कार्यक्रमानुसार यथावकाश कार्यवाही करण्यात येईल, असे मी नम्रपणे सांगितले.’ खाली लिहिलं होतं, ‘त्यांनी काही न बोलता पुढचे नाव पुकारले.’

हवालदारांनी ते वाचलं. मग मागचं पान उलटून माझं वाचलं. मग वही बंद केली.

पंधरा दिवसांनी माझ्या नावानं नेमणुकीचं पत्र आलं. वसंतानं मला उचलून बोर्डिंगच्या अंगणात फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन कक्षात गेलो. हवालदारांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि दार लावलं. वही माझ्यापुढं ठेवली.

“ह्यो दिस तुजा, ह्यो त्येचा. त्येला इचारलं, तुला इचारलं न्हाई?”

“विचारलं होतं.”

“मग?”

“मी गावाकडचं बोललो, हवालदार. लिहायची लाज वाटली.”

“लाज.” त्यांनी वहीतल्या माझ्या पानावर बोट ठेवलं. “सोळा आणे लाज हाय, का त्यात भेसळ हाय?”

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी मानलंही असतं कदाचित. मी म्हणालो, “भेसळ हाय.”

त्यांनी मान हलवली. “गावचं बोलू नगा म्हनून मीच पट्टी आपटत हुतो. त्येनं इमानानं ऐकलं आन बुडला. तू घाबरलास आन तरलास. ह्यात माजी बी चूक हाय. माजी मी बघतो.”

“नोकरी सोडू का मी?”

“याड लागलं का? तू सोडलीस तर त्येला देनार हायत व्हय? तिसराच कोन तरी येईल. जा, कामाला लाग. तुज्या घरी चूल हाय. पर आदी ह्ये पान पुरं कर.”

मी पान पुरं केलं. संचालकांचा प्रश्न, माझं उत्तर, पाण्याचं विचारलेलं, सगळं, बोललो तसंच. खाली त्या दिवसाची तारीख घालायला त्यांनी लावली, म्हणजे केव्हा लिहिलं ते वाचणाऱ्याला कळावं. मग मी विचारलं, “आणि वसंताला?”

“ते वहीत लिवून भागत न्हाई. ते तोंडानं.”

“सांगतो.”

“कवा?”

“आजच.”

सांगितलं नाही. त्या संध्याकाळी वसंत कुठं बाहेर गेला होता तो उशिरा आला, अंगात कसकस आहे म्हणून न बोलता पडून राहिला. मला ते बरंच वाटलं. सकाळी तो मला पोचवायला स्टँडवर आला, वळकटी टपावर चढवली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीला हात धरून उभा राहिला. दोन वेळा “आणखी काही?” म्हणाला. मी म्हणालो, “पत्र लिहितो.”

पत्र बऱ्याच वेळा लिहिलं. टाकलं नाही.

कारखान्यावर माझं काम बरं चाललं. भावाची शाळा सुटली नाही. हंगामात खिडकीवर माणसं येत, कधी शिव्या देत, कधी नुसती बसून राहत. साताऱ्याहून नवीन लागलेली पोरं भेटत, त्यांच्याकडून कळलं की हवालदारांनी सराव बदलला होता. आता ते टेबलाच्या या बाजूला येऊन उभे राहत. कधी शेतकरी, कधी मुलाचा दाखला मागायला आलेली बाई, कधी पेन्शन अडकलेला म्हातारा. पोरांनी त्यांची समजूत घालायची. पुस्तकी बोललं की म्हणत, “मला कळलं न्हाई, पुन्ना सांग.” आणि सराव सुरू करण्याआधी प्रत्येक पोराला माझं आणि वसंताचं अशी दोन्ही पानं वाचायला देत. नावं झाकून.

वसंताला वर्षभरानं खंडाळ्याला तहसील कचेरीत नोकरी लागली. मधल्या काळात त्याच्या वडिलांना खोली सोडावी लागली होती. ते सगळे काही महिने एका नातेवाइकाच्या गोठ्याशेजारी राहिले, असं कानावर आलं. एका मित्राच्या लग्नात आमची गाठ पडली. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो. तो म्हणाला, “बोल, कसं चाललंय?” मी त्याला गाळपाचे आकडे सांगितले.

हवालदारांचं पोस्टकार्ड मात्र दर दोनतीन महिन्यांनी येई. एक्स्चेंजच्या कार्डाचा आता प्रश्न नव्हता. कुणाला कुठं नोकरी लागली, कुणाचा अर्ज परत आला, एवढंच असे. आणि शेवटी एक ओळ: ‘कोयनेशी बोलणे झाले काय?’ मी उत्तर पाठवी: ‘अद्याप नाही.’ एकदा मी त्या ओळीचं उत्तरच दिलं नाही. पुढच्या कार्डावर ती ओळ दोनदा लिहिलेली होती. पत्रात ते कायम पुस्तकी लिहीत, त्यामुळे रागावले आहेत की काय ते समजत नसे.

मग कार्डं यायची थांबली. मला वाटलं, कंटाळले. हंगाम जोरात होता. जाऊन यावं असं म्हणत म्हणत तीन महिने गेले.

हंगाम संपता संपता वसंताचं पत्र आलं. त्यानं मला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. मजकूर थोडा आहे, तो तसाच देतो.

‘हवालदार गेले. महिना झाला. आधीचे काही महिने अंथरुणावर होते, झोपेतच गेले. मातीला कॉलेजची पोरं पुष्कळ होती. तुला कळवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून लिहितो.

दुसरं असं की, तू पेढे देऊन गेलास त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून तुझं पान वाचायला दिलं. मी तोवर ठरवलं होतं की आपल्याला बोलता येत नाही, यापुढे मुलाखतीला जायचंच नाही. म्हणून दाखवलं म्हणाले. मी फार चिडलो होतो. त्यांनी मला दोन तास बसवून ठेवलं आणि माझ्याकडून शब्द घेतला, की तो स्वतःहून सांगेल, तोवर तू विचारायचं नाही.

ते आता नाहीत. पण शब्द दिलेला आहे. म्हणून अजूनही विचारत नाही.

तुझा, वसंत.’